कर्ट कोबेन

कर्ट डोनाल्ड कोबेन (जन्म : २० फेब्रुवारी १९६७, ॲबरडीन, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका, मृत्यू : ५ एप्रिल १९९४, सिॲटल, वॉशिंग्टन राज्य) हे अमेरिकन गायक, गिटारवादक आणि गीतकार होते. निर्वाना या रॉक बँडचे ते सहसंस्थापक, मुख्य गायक आणि प्रमुख गीतलेखक होते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बममुळे ऑल्टरनेटिव्ह रॉक हा तोपर्यंत महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रे आणि लहान ध्वनिमुद्रण कंपन्यांपुरता मर्यादित असलेला संगीतप्रकार जगभरातील सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचला. निर्वानाचे यश अनेकदा अकस्मात मिळाल्यासारखे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यामागे चार वर्षांहून अधिक काळाची तुटपुंज्या पैशांत केलेली उमेदवारी होती. या काळात बँडची नावे अनेकदा बदलली आणि ड्रमवादक तर त्याहून अधिक वेळा बदलले.

बालपण

कोबेन यांचा जन्म ग्रेज हार्बर या किनारी परगण्यातील ॲबरडीन या गावी झाला. चहेलिस आणि विश्का या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावाची उपजीविका लाकूडतोड, लाकूड गिरण्या आणि मासेमारीवर चाले. कोबेन मोठे होत असताना लाकूड व्यवसायाला उतरती कळा लागली होती. वर्षातील बराच काळ ढगाळ आणि पावसाळी हवामान असलेल्या या गावात तरुणांना बाहेर पडण्याच्या वाटा थोड्या होत्या. वडील डोनाल्ड हे मोटार दुरुस्तीचे काम करीत, तर आई वेंडी यांनी उपाहारगृहात वाढपी म्हणून काम केले होते. किम्बर्ली ही धाकटी बहीण १९७० साली जन्मली.

आईच्या माहेरी, फ्रॅडनबर्ग कुटुंबात, संगीताचे वातावरण होते. मामा चक हे एका स्थानिक बँडमध्ये वाजवीत आणि एक मावशी गिटार वाजवून गात असे. लहानग्या कर्टला बीटल्सची गाणी पाठ होती. चित्रकलेतही त्याला गती होती आणि ती आवड पुढे आयुष्यभर टिकली.

कोबेन नऊ वर्षांचे असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला. या घटनेचा आपल्यावर खोल परिणाम झाल्याचे त्यांनी पुढे अनेक मुलाखतींतून सांगितले. प्रारंभी ते वडिलांबरोबर जवळच्या माँटेसानो गावी राहिले. वडिलांनी दुसरा विवाह केल्यावर त्या घरात त्यांचे मन रमेना. त्यानंतरची काही वर्षे नातेवाईक आणि मित्र यांच्या घरी आळीपाळीने राहण्यात गेली. हक्काचे घर नसण्याचा हा अनुभव त्यांच्या अनेक गाण्यांमागे दिसतो.

गिटार आणि मेल्विन्स

१९८१ साली चौदाव्या वाढदिवशी मामा चक यांनी भाच्याला सायकल किंवा गिटार यांपैकी एक वस्तू निवडण्यास सांगितले. कोबेन यांनी गिटार निवडली. ती जुनी, वापरलेली होती. कोबेन डावखुरे वादक होते. डाव्या हाताच्या गिटारी महाग असत आणि सहजी मिळत नसत, त्यामुळे उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा बदलून वाजवण्याची सवय त्यांनी लावून घेतली. स्थानिक शिक्षकाकडील थोड्या धड्यांनंतरचे त्यांचे शिक्षण मुख्यतः स्वतःचे स्वतःच झाले.

माँटेसानो येथे बझ ऑसबोर्न यांची ओळख होणे ही त्यांच्या जडणघडणीतील निर्णायक घटना ठरली. ऑसबोर्न यांचा मेल्विन्स हा बँड संथ, जड आणि कर्कश संगीत वाजवी. त्यांचा एक खुला कार्यक्रम गावातील किराणा बाजाराच्या मागील मोकळ्या जागेत झाला होता. तो पाहून आपल्याला हवे ते संगीत सापडले, असे कोबेन यांना वाटले. ऑसबोर्न यांनी त्यांना पंक संगीताच्या कॅसेट ऐकवल्या आणि सिॲटलमधील कार्यक्रमांना नेले. कोबेन मेल्विन्सच्या सरावाला नित्य हजेरी लावीत आणि त्यांचे सामानही वाहून नेत. मेल्विन्सची मदत निर्वानाला पुढेही अनेकदा झाली. अडचणीच्या प्रसंगी ड्रमवादक मिळाला तो याच बँडमधून.

शाळेत मात्र कोबेन मागे पडले. १९८५ साली पदवीदान समारंभाला सुमारे दोन आठवडे उरले असताना आवश्यक गुणांक पुरे होत नसल्याचे लक्षात आल्यावर त्यांनी शाळा सोडली. नोकरी शोध किंवा घर सोड, असा पर्याय आईने दिला आणि त्यांनी घर सोडले. काही काळ त्यांनी एका समुद्रकिनारी विश्रामगृहात सफाई कामगार आणि देखभालीची कामे केली. या दिवसांत आपण विश्का नदीवरील पुलाखाली राहत होतो, असे कोबेन सांगत असत आणि ही कथा त्यांच्या चरित्राशी कायमची जोडली गेली. त्यांचे सहकारी नोव्होसेलिच यांनी मात्र ती नाकारली आहे. कोबेन तेथे वेळ घालवीत असले तरी भरती-ओहोटीमुळे चिखलाने भरणाऱ्या त्या काठावर कोणालाही राहणे शक्य नव्हते, असे त्यांचे म्हणणे आहे. स्वतःविषयी रंगवून सांगण्याची कोबेन यांची सवय पाहता नोव्होसेलिच यांचे म्हणणे अधिक विश्वसनीय वाटते.

फीकल मॅटर आणि नोव्होसेलिच यांची साथ

१९८५ च्या अखेरीस कोबेन यांनी फीकल मॅटर या नावाने आपला पहिला बँड उभा केला. विष्ठा असा अर्थ असलेले हे नाव तत्कालीन पंक बँडच्या धक्का देण्याच्या प्रथेला धरूनच होते. मावशीच्या घरी जाऊन त्यांनी काही गाणी ध्वनिमुद्रित केली. या मुद्रणात मेल्विन्सचे डेल क्रोव्हर यांनी ड्रम आणि बास गिटार अशी दोन्ही वाद्ये वाजवली. हा बँड अल्पजीवी ठरला, परंतु ती कॅसेट कोबेन यांनी जपून ठेवली आणि ओळखीच्या वादकांना ऐकवली.

त्या श्रोत्यांपैकी एक क्रिस्ट नोव्होसेलिच होते. क्रोएशियन स्थलांतरित दांपत्याचे हे पुत्र १९६५ साली कॅलिफोर्नियात जन्मले आणि १९७९ साली कुटुंबासह ॲबरडीनला आले. किशोरवयात सुमारे वर्षभर ते तत्कालीन युगोस्लाव्हियातील झादर येथे नातेवाइकांकडे राहिले होते. दोन मीटरहून किंचित अधिक उंचीचा, दोन संस्कृतींत वाढलेला हा तरुण लाकूडतोड्यांच्या गावात कोबेन यांच्याइतकाच उपरा होता. कोबेन यांनी दिलेली कॅसेट नोव्होसेलिच यांनी दीर्घकाळ ऐकलीच नाही. अखेर ऐकली तेव्हा त्यातील ‘स्पँक थ्रू’ हे गाणे त्यांना आवडले आणि एकत्र बँड काढण्यास ते तयार झाले. नोव्होसेलिच यांच्या आईचे ॲबरडीनमध्ये केशभूषेचे दुकान होते. त्याच्या वरच्या मजल्यावर या दोघांचा सराव होऊ लागला.

दोघांचा पहिला प्रयत्न क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या लोकप्रिय बँडची गाणी वाजवून पैसे मिळवण्याचा होता. तो फसला. १९८७ च्या प्रारंभी ॲरन बर्कहार्ड हे ड्रमवादक मिळाल्यावर कोबेन यांच्या स्वतःच्या गाण्यांचा सराव सुरू झाला. त्या वर्षी मार्चमध्ये रेमंड या छोट्या गावातील एका घरगुती मेजवानीत त्यांनी पहिला कार्यक्रम केला. स्वतःच्या गाण्यांबरोबर लेड झेपेलिन या बँडची गाणीही त्यांनी तेथे वाजवली. निर्वानाच्या स्थापनेचे वर्ष म्हणून १९८७ हे सामान्यतः मानले जाते ते यामुळे.

ऑलिम्पियातील वास्तव्य आणि नामकरण

१९८७ साली कोबेन आपल्या मैत्रिणीबरोबर राज्याची राजधानी ऑलिम्पिया येथे राहण्यास गेले. अंतराने ॲबरडीनपासून जवळ असलेले हे शहर वृत्तीने फार वेगळे होते. एव्हरग्रीन स्टेट कॉलेज, त्याचे नभोवाणी केंद्र आणि के रेकॉर्ड्स ही लहान ध्वनिमुद्रण संस्था यांच्याभोवती तेथे कलावंतांचा एक वर्ग जमला होता. वादनकौशल्यापेक्षा प्रामाणिकपणाला महत्त्व द्यावे आणि मोठ्या कंपन्यांवर विसंबून न राहता सर्व काही स्वतः करावे, अशी या वर्गाची धारणा होती. के रेकॉर्ड्सचे ढालीच्या आकाराचे बोधचिन्ह कोबेन यांनी हातावर गोंदवून घेतले. ऑलिम्पियाच्या या मूल्यांशी त्यांची बांधिलकी मनापासून होती. मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचण्याची इच्छाही तितकीच खरी होती. या दोहोंतील ओढाताण त्यांच्या कारकिर्दीत अखेरपर्यंत राहिली.

या काळात सफाई कामगाराच्या मजुरीवर त्यांचा खर्च चाले. दिवसाचा उरलेला वेळ चित्रे काढणे, रोजनिशी लिहिणे आणि गाणी रचणे यांत जाई. बँडचे नाव स्थिर नव्हते. स्किड रो, पेन कॅप च्यू, ब्लिस, टेड एड फ्रेड अशी निरनिराळी नावे त्यांनी वापरली. १९ मार्च १९८८ रोजी टॅकोमा येथील कम्युनिटी वर्ल्ड थिएटरमधील कार्यक्रमात निर्वाना हे नाव प्रथम वापरले गेले. रागीट किंवा ओंगळ वाटणाऱ्या पंक नावांपेक्षा काही सुंदर नाव असावे, अशी कोबेन यांची इच्छा होती. मराठी वाचकाला या नावामागील निर्वाण हा शब्द बौद्ध परंपरेतून परिचित आहे. कोबेन यांनीही तो बौद्ध संकल्पना म्हणूनच निवडला. अवघ्या दोन-अडीच वर्षांपूर्वी फीकल मॅटर हे नाव निवडणाऱ्या तरुणाची अभिरुची किती पालटली होती, हे यातून दिसते.

पहिले स्टुडिओ ध्वनिमुद्रण

नाव ठरण्यापूर्वीच बँडचे पहिले महत्त्वाचे ध्वनिमुद्रण झाले होते. बर्कहार्ड यांच्याशी ताळमेळ न राहिल्याने कोबेन आणि नोव्होसेलिच यांनी पुन्हा डेल क्रोव्हर यांना सोबत घेतले. २३ जानेवारी १९८८ रोजी हे तिघे सिॲटलमधील रेसिप्रोकल रेकॉर्डिंग या लहान स्टुडिओत गेले. ध्वनिमुद्रक जॅक एन्डिनो यांनी एका दुपारीत त्यांची दहा गाणी मुद्रित केली. शेवटचे गाणे सुरू असतानाच टेप संपली. नवीन टेपसाठी पैसे नसल्यामुळे ते गाणे अपूर्णच राहिले. एकूण खर्च १५२ डॉलर ४४ सेंट आला आणि तो कोबेन यांनी सफाई कामाच्या कमाईतून भागवला. त्याच रात्री या तिघांनी टॅकोमा येथे कार्यक्रमही केला.

एन्डिनो यांना कोबेन यांचा आवाज विशेष वाटला. त्यांनी टेपची एक प्रत सब पॉप या कंपनीचे जोनाथन पोनमन यांना दिली. ब्रूस पॅव्हिट यांनी ऑलिम्पियात हौशी नियतकालिक म्हणून सुरू केलेला सब पॉप हा उपक्रम तोपर्यंत सिॲटलमध्ये ध्वनिमुद्रण कंपनी झाला होता. साउंडगार्डन, मडहनी यांसारख्या बँडचे जाड, खरखरीत गिटारवादन ही या कंपनीची ओळख होती आणि पुढे या शैलीला ग्रंज हे नाव मिळाले. पोनमन यांनी निर्वानाचे एक सिंगल काढण्याची तयारी दर्शवली.

दरम्यान ड्रमवादकाची जागा रिकामीच होती. डेव्ह फॉस्टर काही महिने टिकले. १९८८ च्या मे महिन्यात चॅड चॅनिंग आले आणि दोन वर्षे राहिले. त्यांच्यासह मुद्रित केलेले ‘लव्ह बझ’ हे सिंगल नोव्हेंबर १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे मूळ शॉकिंग ब्लू या डच बँडचे गाणे. पहिली तबकडी दुसऱ्याच्या गाण्याची असावी, हे कोबेन यांना फारसे रुचले नव्हते. सब पॉपने वर्गणीदारांसाठी नुकत्याच सुरू केलेल्या सिंगल्स क्लबचे हे पहिले प्रकाशन होते आणि त्याच्या हाताने क्रमांक घातलेल्या फक्त १,००० प्रती काढण्यात आल्या.

‘ब्लीच’

पहिल्या अल्बमचे काम डिसेंबर १९८८ आणि जानेवारी १९८९ मध्ये एन्डिनो यांच्याकडेच झाले. त्यासाठी सुमारे तीस तास लागले आणि ६०६ डॉलर १७ सेंट खर्च झाला. ही रक्कमही बँडकडे नव्हती. ती जेसन एव्हरमन या गिटारवादक मित्राने दिली. कृतज्ञता म्हणून अल्बमवर गिटारवादकांत त्यांचे नाव छापण्यात आले आणि मुखपृष्ठाच्या छायाचित्रातही ते दिसतात. प्रत्यक्षात अल्बममध्ये त्यांचे वादन नाही. पैसे त्यांना कधी परत मिळाले नाहीत. एव्हरमन त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यापर्यंत बँडमध्ये राहिले. पुढे त्यांनी साउंडगार्डनमध्ये काही काळ बास वाजवला आणि नंतर अमेरिकन सैन्यात दाखल होऊन विशेष दलात सेवा केली.

अल्बमला दिलेले ‘ब्लीच’ हे नाव सॅन फ्रान्सिस्कोत पाहिलेल्या एका आरोग्यविषयक भित्तिपत्रकावरून सुचले. एड्सचा प्रसार रोखण्यासाठी अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांनी सुया ब्लीचने धुवाव्यात, असे आवाहन त्यात होते. १५ जून १९८९ रोजी अल्बम प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेक गाणी सब पॉपला अपेक्षित असलेल्या जड शैलीतील आहेत आणि क्रोव्हर यांच्यासह केलेल्या जुन्या मुद्रणातील दोन गाणीही त्यात घेतली आहेत. ‘अबाउट अ गर्ल’ हे गाणे मात्र निराळे आहे. बीटल्सच्या वळणाची साधी, गोड चाल असलेले हे गाणे अशा अल्बममध्ये घालण्यास धैर्य लागत होते आणि कोबेन यांनाही त्याची जाणीव होती. त्यांची पुढील वाट या गाण्यातून स्पष्ट दिसते. प्रारंभी अल्बमच्या सुमारे ४०,००० प्रती खपल्या. लहान कंपनीच्या दृष्टीने हा आकडा समाधानकारक होता.

याच सुमारास एका रात्री मद्याच्या अमलाखाली नोव्होसेलिच पॅव्हिट यांच्या दारी गेले आणि त्यांनी लेखी कराराची मागणी केली. तोपर्यंत सब पॉपचे व्यवहार बहुतांशी तोंडी चालत. निर्वानाबरोबरचा करार हा कंपनीचा पहिला दीर्घ मुदतीचा करार ठरला. बँडने स्वतःच्या हितासाठी मागितलेल्या या कागदाचा खरा लाभ पुढे कंपनीला झाला.

दौरे आणि ड्रमवादकाचा शोध

१९८९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचा आणि शरद ऋतूत युरोपचा दौरा झाला. युरोपात टॅड या सब पॉपच्याच बँडसोबत एकूण नऊ जण एका फियाट व्हॅनमध्ये सामानासह प्रवास करीत. झोप, अन्न आणि पैसा या तिन्हींची टंचाई होती. २७ नोव्हेंबर रोजी रोम येथील कार्यक्रमात कोबेन यांचा संयम सुटला. गिटार फोडून ते ध्वनिवर्धकांच्या उंच उतरंडीवर चढले, तेव्हा ते खाली उडी घेतील अशी भीती उपस्थितांना वाटली. पोनमन त्या वेळी रोममध्येच होते. त्यांनी कोबेन यांची समजूत काढली आणि त्यांना नवी गिटार घेऊन दिली. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, ३ डिसेंबरला, लंडनच्या ॲस्टोरिया नाट्यगृहात मडहनी आणि टॅड यांच्यासमवेत झालेला निर्वानाचा कार्यक्रम गाजला. ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी सिॲटलच्या बँडविषयी आधीपासूनच उत्साहाने लिहिण्यास सुरुवात केली होती. निर्वानाची कीर्ती मायदेशापेक्षा काही अंशी ब्रिटनमध्ये आधी पसरली.

एप्रिल १९९० मध्ये दुसऱ्या अल्बमच्या तयारीसाठी बँड विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे निर्माते बुच व्हिग यांच्या स्मार्ट स्टुडिओजमध्ये गेला. येथे मुद्रित झालेली गाणी ‘ब्लीच’पेक्षा अधिक सुरेल होती. परंतु चॅनिंग यांच्या ड्रमवादनाबद्दल कोबेन आणि नोव्होसेलिच समाधानी नव्हते, आणि गीतरचनेत वाटा मिळत नसल्याने चॅनिंगही नाराज होते. काही आठवड्यांतच ते बाहेर पडले. या मुद्रणातील ‘पॉली’ हे गाणे पुढे ‘नेव्हरमाइंड’मध्ये जसेच्या तसे घेण्यात आले. त्यातील झांजेचे ठोके चॅनिंग यांचे आहेत, मात्र अल्बमवर त्यांचे नाव छापले गेले नाही. ‘ब्लीच’वर न वाजवता नाव आलेले एव्हरमन आणि येथे वाजवूनही नाव न आलेले चॅनिंग, ही निर्वानाच्या श्रेयनामावलीतील दोन टोके म्हणता येतील.

जुलै १९९० मध्ये ‘स्लिव्हर’ हे सिंगल मुद्रित झाले ते मडहनीचे ड्रमवादक डॅन पीटर्स यांच्यासह. त्या दिवशी स्टुडिओ टॅड या बँडने घेतलेला होता. ते जेवायला गेले असताना त्यांचीच वाद्ये वापरून सुमारे तासाभरात हे काम उरकण्यात आले. ऑगस्टमध्ये सॉनिक यूथ या न्यू यॉर्कच्या नामांकित बँडसोबत झालेल्या दौऱ्यात पुन्हा एकदा क्रोव्हर मदतीला आले. २२ सप्टेंबर रोजी सिॲटलमध्ये पीटर्स यांनी निर्वानासोबत एक कार्यक्रम केला. त्या कार्यक्रमाला प्रेक्षकांत उपस्थित असलेला एक तरुण लवकरच त्यांची जागा घेणार होता.

हा तरुण म्हणजे डेव्ह ग्रोल. वॉशिंग्टन डी.सी. परिसरातील स्क्रीम या हार्डकोर पंक बँडचे ते ड्रमवादक होते. दौऱ्यावर असतानाच लॉस एंजेलसमध्ये स्क्रीम मोडला आणि एकवीस वर्षांच्या ग्रोल यांनी बझ ऑसबोर्न यांच्याकडे सल्ला मागितला. ऑसबोर्न यांनी नोव्होसेलिच यांचा दूरध्वनी क्रमांक दिला. कोबेन आणि नोव्होसेलिच यांनी स्क्रीमचा कार्यक्रम पूर्वी पाहिलेला होता. ग्रोल यांचे वादन ऐकताच आपला शोध संपल्याचे दोघांच्या ध्यानात आले. ११ ऑक्टोबर १९९० रोजी ऑलिम्पिया येथे या तिघांचा पहिला कार्यक्रम झाला. ग्रोल काही महिने कोबेन यांच्या लहानशा खोलीत राहिले. टॅकोमा येथील एका धान्यकोठारात बँडचा सराव नियमित होऊ लागला. ग्रोल यांच्या जोरकस आणि अचूक ड्रमवादनामुळे कोबेन यांच्या गाण्यांतील हळुवार कडवे आणि स्फोटक ध्रुपद यांतील विरोध ठळक झाला. ही रचना आपण पिक्सीज या बँडकडून उचलली, हे कोबेन मोकळेपणाने मान्य करीत.

‘नेव्हरमाइंड’

स्मार्ट स्टुडिओजमधील टेपच्या प्रती संगीतक्षेत्रात हातोहात फिरल्या आणि मोठ्या कंपन्या निर्वानाकडे वळल्या. सब पॉप त्या वेळी आर्थिक अडचणीत होती. सॉनिक यूथच्या किम गॉर्डन यांच्या शिफारशीवरून बँडने १९९१ साली गेफेन समूहाच्या डीजीसी या कंपनीशी करार केला. सब पॉपशी झालेल्या लेखी करारामुळे डीजीसीला त्या कंपनीस ७५,००० डॉलर आणि पुढील विक्रीतील हिस्सा द्यावा लागला. नोव्होसेलिच यांनी रात्री दार ठोठावून मिळवलेल्या कागदाने सब पॉपला अशा रीतीने तारले.

१७ एप्रिल १९९१ रोजी सिॲटलच्या ओके हॉटेलमध्ये बँडने कार्यक्रम केला. लॉस एंजेलसपर्यंतच्या प्रवासाला लागणारे पेट्रोलचे पैसे जमवणे, हा त्याचा एक हेतू होता. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ हे गाणे श्रोत्यांपुढे प्रथम सादर झाले ते याच रात्री. शीर्षकाची कथा ऑलिम्पियातील आहे. बिकिनी किल या बँडच्या कॅथलीन हॅना यांनी कोबेन यांच्या खोलीच्या भिंतीवर गमतीने लिहिलेल्या वाक्यात एका सुगंधी प्रसाधनाचे नाव होते. ते प्रसाधनाचे नाव आहे हे कोबेन यांना ठाऊक नव्हते. त्यांनी त्यात बंडखोरीचा अर्थ पाहिला.

मे आणि जून १९९१ मध्ये लॉस एंजेलसजवळील साउंड सिटी स्टुडिओत बुच व्हिग यांच्या हाताखाली अल्बम मुद्रित झाला. आरंभी ठरवलेला खर्च ६५,००० डॉलर, म्हणजे ‘ब्लीच’च्या शंभरपटींहून अधिक होता. एकाच ओळी दोनदा गाऊन आवाज एकमेकांवर चढवण्यास कोबेन तयार नसत. ही युक्ती त्यांना कृत्रिम वाटे. जॉन लेनन हेही असेच करीत, असे सांगून व्हिग त्यांचे मन वळवीत. अखेरचे ध्वनिमिश्रण अँडी वॉलेस यांनी केले. त्याचा गुळगुळीतपणा कोबेन यांना नंतर खटकू लागला आणि अल्बमविषयी ते तुच्छतेने बोलू लागले. लाखो श्रोत्यांना हे संगीत सुलभ झाले त्यात या गुळगुळीतपणाचा वाटा मोठा होता, हे मात्र नाकारता येत नाही.

अल्बम २४ सप्टेंबर १९९१ रोजी प्रसिद्ध झाला. अमेरिकेत आरंभी ५०,००० पेक्षा कमी प्रती वितरित झाल्या. अडीच लाख प्रती खपल्या तर उत्तम, असा कंपनीचा अंदाज होता. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ची चित्रफीत एमटीव्ही वाहिनीवर वारंवार दाखवली जाऊ लागल्यावर मागणी झपाट्याने वाढली. दौऱ्यासाठी ठरवलेली सभागृहे आता अपुरी पडत होती आणि कित्येक श्रोत्यांना बाहेरूनच परतावे लागे. ११ जानेवारी १९९२ च्या बिलबोर्ड सूचीत ‘नेव्हरमाइंड’ने मायकेल जॅक्सन यांच्या ‘डेंजरस’ला मागे टाकून पहिले स्थान घेतले. कालांतराने जगभरातील विक्री सुमारे तीन कोटींवर गेली.

प्रसिद्धीनंतरची वर्षे

पूर्वी ज्या प्रकारचे तरुण आपल्याला शाळेत छळत, तेच आता कार्यक्रमांना गर्दी करीत आहेत, या विचाराने कोबेन अस्वस्थ होत. स्त्रियांवरील अत्याचार, वंशद्वेष आणि समलिंगी व्यक्तींविषयीचा द्वेष यांना त्यांनी उघड विरोध केला. अशा वृत्तीच्या श्रोत्यांनी आपली गाणी ऐकू नयेत, हेही त्यांनी स्पष्ट केले.

यशाने बँडच्या अंतर्गत व्यवहारातही कटुता आणली. गीतरचनेचे मानधन आरंभी तिघांत समान वाटले जाई. विक्री वाढल्यावर १९९२ साली कोबेन यांनी त्यातील बहुतांश वाटा मागितला आणि तो मागील उत्पन्नालाही लागू करण्याचा आग्रह धरला. गाणी मुख्यतः त्यांचीच असल्याने मागणीला आधार होता. तथापि पूर्वलक्षी अटीमुळे सहकारी दुखावले आणि बँड मोडण्याची वेळ आली. अखेर दोघांनी ती मान्य केली.

२४ फेब्रुवारी १९९२ रोजी हवाई येथे कोबेन यांचा विवाह होल या बँडच्या गायिका कोर्टनी लव्ह यांच्याशी झाला. त्याच वर्षी १८ ऑगस्टला त्यांची कन्या फ्रान्सेस बीन जन्मली. निदान न झालेली तीव्र पोटदुखी आणि नैराश्य यांनी कोबेन दीर्घकाळ त्रस्त होते. हेरॉइनचे व्यसन या काळात बळावले. तिसरा अल्बम ‘इन युटेरो’ स्टीव्ह अल्बिनी यांच्या देखरेखीखाली मुद्दाम खरखरीत ठेवण्यात आला. सप्टेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर तोही अमेरिकेतील विक्रीसूचीत पहिल्या स्थानी पोहोचला. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यू यॉर्क येथे एमटीव्हीसाठी केलेल्या अनप्लग्ड कार्यक्रमात गाजलेली बहुतेक गाणी टाळण्यात आली. त्याऐवजी मीट पपेट्स, द व्हॅसलिन्स, डेव्हिड बोवी आणि लेड बेली यांच्याशी निगडित गाणी कोबेन यांनी निवडली. लहानपणापासून ऐकलेल्या आणि आवडत्या कलावंतांचे ऋण ते अशा रीतीने फेडत होते. ‘अबाउट अ गर्ल’ हे गाणे कार्यक्रमाच्या आरंभी ठेवले होते.

मृत्यू आणि नंतर

निर्वानाचा शेवटचा कार्यक्रम १ मार्च १९९४ रोजी म्युनिक येथे झाला. त्यानंतर काही दिवसांत रोममध्ये औषधांच्या अतिमात्रेमुळे कोबेन यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ५ एप्रिल १९९४ रोजी सिॲटलमधील राहत्या घरी त्यांनी आपले जीवन संपवले. तीन दिवसांनी, ८ एप्रिलला, ही घटना उघडकीस आली. ते २७ वर्षांचे होते. १० एप्रिलला सिॲटल सेंटर येथे झालेल्या शोकसभेस हजारो चाहते जमले होते.

बँड तेथेच थांबला. अनप्लग्ड कार्यक्रमाचा अल्बम नोव्हेंबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रोल यांनी फू फायटर्स हा बँड काढला. ‘ब्लीच’ची मागणी वाढत जाऊन तो सब पॉपचा सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. २०१४ साली निर्वानाचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. गौरवलेल्या सदस्यांत कोबेन, नोव्होसेलिच आणि ग्रोल यांची नावे होती. समारंभात ग्रोल यांनी चॅड चॅनिंग यांचा नामोल्लेख करून त्यांचे आभार मानले.

ॲबरडीनच्या वेशीवरील स्वागतफलकावर २००५ साली कोबेन यांच्या एका गाण्याचे शीर्षक जोडण्यात आले. विश्का नदीवरील त्या पुलालगत आज त्यांच्या नावाचे एक लहान उद्यान आहे. पुलाखालचे खांब चाहत्यांनी लिहिलेल्या मजकुराने भरलेले असतात.